परभाषेचा उसना तुरा आणि कोर्टांतली मायबोली

बारामती-इंदापूरच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

आपल्या तालुक्यांतून आतां वकील निघूं लागले आहेत. ज्या घरांत तीन पिढ्या कोर्टाचा कागद आला कीं चूल पेटत नसे, त्या घरांतलीं मुलें-मुली कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडत आहेत. सुताराची मुलगी, मेंढपाळाचा मुलगा, ऊसतोड करणाऱ्या बाईचा नातू काळा कोट घालतो, ही गोष्ट लहान नाहीं. पण या नव्या पिकाला एक कीड लागली आहे, आणि ती वेळींच दाखविली नाहीं तर उभें पीक जाईल.

मी शाळामास्तर आहें. ट्रेनिंग कॉलेजांत मराठी शिकवायला शिकलों आणि आजवर तेंच काम करीत आलों. गांवांत मास्तर म्हणजे सगळ्यांच्या कागदांचा वाचनारा. त्यामुळें नोकरीचे अर्ज घेऊन पोरें माझ्याकडे येतात. या अर्जांत ‘भाषा’ नांवाचा एक रकाना असतो. तो रकाना आमचे नवे वकील कसा भरतात तें ऐका. पहिली इंग्रजी, ‘उत्तम’. मग हिंदी, ‘उत्तम’. मग फ्रेंच किंवा जर्मन, ‘चांगली’. आणि सगळ्यांच्या खालीं, जागा उरली तर, मराठी. कांहीं अर्जांत तर तीही नाहीं! फ्रेंच कोठें शिकलात म्हणून विचारावें, तर उत्तर येतें कीं मोबाइलवर दोन महिने शिकलों. मराठी कां गाळली म्हणून विचारावें, तर म्हणतात, “ती काय, सगळ्यांनाच येते, तिनें वजन पडत नाहीं.”

या एका रकान्यांत दोन पापें एकदम घडतात. जी भाषा येत नाहीं ती येते म्हणून सांगणें, हें पहिलें. जी येते ती लपविणें, हें दुसरें. या दोन्ही पापांचा दंड पोराला तर बसतोच, पण त्याहून अधिक त्या पोराच्या पायरीवर न्याय मागायला येणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांना बसतो. म्हणून हा विषय एकट्या वकिलांचा नाहीं. तो नांगरधऱ्याचा आहे.

कोर्टाची भाषा ज्याच्या हातीं, जमीन त्याच्या हातीं, हा धडा आपल्या मुलखानें फार महाग शिकला आहे. १२ मे १८७५ रोजीं याच सुप्याच्या बाजारांत काय झालें तें आठवा. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें, आज बारामतींत आहे. कर्जानें पिचलेला शेतकरी सावकाराच्या घरावर गेला, तो काय मागत होता? त्याचे दस्त आणि वह्या. तेच कागद त्यानें जाळले. कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे तें त्याला वाचतां येत नव्हतें. आंगठा मात्र त्याचा होता, आणि कोर्ट त्या आंगठ्यावर हुकूमनामा देत होतें. पुणें आणि त्या वेळचा अहमदनगर जिल्हा या दंग्यानें हादरला. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यानें शेतकऱ्याचा दस्त गांव-रजिस्ट्राराच्या देखरेखीखालीं लिहिला जावा अशी तजवीज केली. म्हणजे सरकारलाही कबूल करावें लागलें कीं न समजणारा कागद हाच शेतकऱ्याच्या गळ्याचा फांस होता.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें रयतेच्या शिक्षणाची मागणी मांडली आणि १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो याच काळांत. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतील माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. त्यांत हेतु उघड होता: न्यायाच्या दारांत आपल्या बोलण्याचा अर्थ समजणारा माणूस उभा असला पाहिजे. आज तो माणूस उभा राहिला आहे. आणि उभा राहतांच म्हणतो काय, तर मला तुमचें बोलणें येतें हें सांगायची लाज वाटते!

आतां कोर्टांत खरोखर कोणत्या भाषेला किंमत आहे तें पाहूं. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणें उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजींत चालतो. मुंबईच्या उच्च न्यायालयांत उभें राहायचें तर इंग्रजी पाहिजेच. तें नाकारणारा मास्तर पोरांचा शत्रु समजावा. पण तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टांची गोष्ट वेगळी आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनें महाराष्ट्र सरकारनें खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरविली आहे. बारामतीच्या आणि इंदापूरच्या कोर्टांत जो साक्षीदार पिंजऱ्यांत उभा राहतो, तो मराठींत बोलतो. त्याचा सातबारा मराठींत, फेरफार मराठींत, पंचनामा मराठींत, ग्रामपंचायतीचा ठराव मराठींत. आणि दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या अटी काढून वाचा. तेथें लिहिलें आहे कीं उमेदवाराला मराठी बोलतां, वाचतां, लिहितां आली पाहिजे आणि मराठींतून इंग्रजींत व इंग्रजींतून मराठींत सहज भाषांतर करतां आलें पाहिजे. न्यायाधीशाच्या खुर्चीची अट जी भाषा आहे, ती आमचा पोरगा अर्जाच्या तळाशीं ढकलतो. याला शहाणपण म्हणावें काय?

कोणी म्हणेल, मास्तर, मराठी सगळ्यांनाच येते. खोटें! घरांत बोलायची मराठी सगळ्यांना येते. कोर्टाच्या कामाची मराठी फार थोड्यांना येते. एक उदाहरण घ्या. साक्षीला उभा राहिलेला म्हातारा म्हणतो, “रान मी वाट्यानें करीत होतों.” दुसरा म्हणतो, “मी त्यांच्याकडे सालानें होतों.” शहरांत वाढलेल्या कानाला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो कीं हा दुसऱ्याच्या शेतांत राबत होता. पण १९४८ च्या कूळ कायद्याच्या दृष्टीनें या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. रोख किंवा धान्याच्या मजुरीवर राबणारा सालगडी कूळ ठरत नाहीं; पिकाच्या वाट्यावर कायदेशीरपणें दुसऱ्याची जमीन कसणारा कूळ ठरूं शकतो. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं जो कूळ होता, त्याला कायद्यानें, ठरलेल्या अटींवर, जमिनीचा खरेदीदार मानलें. म्हणजे ‘वाट्यानें’ या एका शब्दाचें इंग्रजी भाषांतर चुकलें तर चार एकर रान एका घरांतून दुसऱ्या घरांत जातें. हा शब्द ज्याच्या कानाला ओळखीचा आहे, त्याच्याजवळ पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या कचेऱ्यांत नसलेलें धन आहे. इसार आणि उचल, गहाण आणि मुदतखरेदी, हक्कसोड आणि वाटप, वहिवाट आणि कब्जा, बांध कोरणें आणि बांध सरकविणें, यांतला भेद आमच्या घरांत जेवतांना कानांवर पडतो. तो भेद इंग्रजींत नीट उतरविणें ही विद्या आहे, आणि विद्येचा उल्लेख अर्जांत मानानें व्हावा.

हेंच मोडीचें. जुनीं खरेदीखतें, वतनाचे कागद, जन्म-मृत्यूचीं रजिस्टरें मोडींत पडून आहेत. २०२३ सालीं न्यायमूर्ति शिंदे समितीच्या कामांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. राज्याचें पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतें. कायद्याची पदवी आणि मोडीचें वाचन ज्याच्याजवळ एकत्र आहे, त्याच्या दारीं जमिनीचे जुने तंटे आपणहून चालत येतील. पण आमचा वकील मोडी शिकायला लाजतो आणि न शिकलेली फ्रेंच मिरवितो.

माझा राग परभाषेवर आहे असें समजूं नका. भाषेचें सोवळें आम्हांला कधींच परवडलें नाहीं, आणि आम्हीं तें पाळूंही नये. ‘वकील’ हा शब्दच मुळीं अरबी. अर्ज, दस्तऐवज, फिर्याद, हुकूम हे सारे फारसी-अरबींतून आलेले. शिवछत्रपतींच्या काळीं रघुनाथपंतांनीं राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी रयतेच्या तोंडीं हे शब्द राहिलेच. ज्या भाषेंत सत्ता बोलते ती शिकावी, हा धडाच आहे. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओचा आणि फेरेरोचा कारखाना आहे. दोन्ही कंपन्या मूळच्या इटलीच्या. आपल्या भागांतलीं द्राक्षें जहाजांतून युरोपांत जातात. युरोपच्या पेटंट कचेरीच्या कामकाजाच्या भाषा तीन, इंग्रजी, फ्रेंच व जर्मन. तेव्हां इंदापूरच्या मुलीनें इटालियन शिकून करार वाचावा, निंबगांवच्या मुलानें जर्मन शिकून पेटंटाचें काम करावें, याहून मोठा आनंद कोणता? पुण्यास रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युल्लर भवन आहे. तेथें जा, रीतसर शिका, परीक्षा द्या, आणि मग छाती काढून सांगा.

कसें सांगावें याचा दाखला हवा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहा. शाळेंत त्यांना संस्कृत शिकूं दिलें नाहीं म्हणून त्यांनीं फारसी घेतली. पुढें १९२१ सालीं जर्मनींतील बॉन विद्यापीठांत जाण्यासाठीं त्यांनीं अर्ज केला, तेव्हां आपली माहिती जर्मन भाषेंतच लिहून दिली. ‘जर्मन चांगली’ असा शेरा मारून ते थांबले नाहींत. अर्ज हाच पुरावा होता. १९२२ सालीं ते बॅरिस्टर झाले आणि १९२६ सालीं ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यांत याच पुण्याच्या कोर्टांत जेधे-जवळकरांची बाजू मांडून अपिलांत त्यांची सुटका केली. पुस्तक मराठी, कायदा इंग्रजी, आणि दोन्ही भाषांवर हुकमत असलेला वकील मध्यें उभा. आमच्या पोरांनीं मिरवायचीच असेल तर ही परंपरा मिरवावी.

आतां व्यवहाराचें बोलूं. अर्जांत ‘चांगली’, ‘उत्तम’, ‘कामापुरती’ हे शब्द निरर्थक आहेत. चांगली म्हणजे किती? युरोपच्या कौन्सिलनें २००१ सालीं भाषेच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. ए-१ म्हणजे नांव-गांव सांगतां येणें. सी-२ म्हणजे जवळजवळ त्या देशच्या शिकलेल्या माणसासारखें. जपानीच्या परीक्षेंत पांच पायऱ्या आहेत. तेथें एन-५ सर्वांत खालची व एन-१ सर्वांत वरची. ज्यानें ए-१ केलें त्यानें ए-१ च लिहावें, कोणत्या सालीं आणि कोणत्या संस्थेची परीक्षा दिली तें लिहावें. आणि एवढ्यानें संपत नाहीं. कायद्याची भाषा ही बाजाराच्या भाषेहून वेगळी असते. पॅरिसांत चहा मागतां येणें आणि तेथल्या कराराचें कलम वाचतां येणें यांत एस.टी.चा बोर्ड वाचणें आणि खरेदीखत वाचणें यांतलेंच अंतर आहे. म्हणून भाषेपुढें काम लिहा. नमुना देतों:

“मराठी: मातृभाषा. सातबारा, फेरफार, खरेदीखत, पंचनामा वाचून इंग्रजींत गोषवारा लिहितों. दावे व कैफियतींचे मसुदे मराठींत केले आहेत. इंग्रजी: कायदे व निकालपत्रें वाचतों, नोटिसा व अर्ज लिहितों, बोलणें सरावानें सुधारीत आहें. जर्मन: ए-२, अमुक संस्था, अमुक साल, साधें पत्र समजतें, कराराचें भाषांतर करीत नाहीं.”

यांतलें शेवटचें वाक्य पुष्कळांना खुपेल. ‘करीत नाहीं’ असें कोणी अर्जांत लिहितें काय? मी म्हणतों, वकिलानें लिहावें. वकिलाचा सारा धंदा विश्वासावर चालतो. जो आपल्या मर्यादा आपणहून सांगतो, त्याचें बाकीचें बोलणें खरें मानलें जातें. आणि मर्यादा लपविणाऱ्याला उघडें पाडायला किती वेळ लागतो? मुलाखतीला बसलेल्या एखाद्या बाईनें त्या भाषेंत दोन प्रश्न विचारले कीं पोराची जीभ टाळ्याला चिकटते. मग त्याची फ्रेंचच नव्हे, त्याची खरी इंग्रजी, त्याचे गुण, त्याच्या बापाची तारण पडलेली गाय, सारें एका क्षणांत संशयांत पडतें. सरकारी नोकरीच्या अर्जाखालीं तर ‘वरील माहिती खरी आहे’ अशी सही असते. तेथें खोटें निघालें तर उमेदवारी जाते, आणि नोकरी लागली असली तरी ती जाऊं शकते.

“पण मास्तर, सगळेच फुगवून लिहितात, आमच्याच पोरानें खरें लिहावें कां?” हा प्रश्न मला आईबाप विचारतात, आणि तो खोटा नाहीं. त्याचें उत्तर हें. मोठ्या घरच्या पोराचें खोटें झांकायला दहा हात असतात: मामा वकील, काका न्यायाधीश, बापाचा मित्र कंपनीचा मालक. आपल्या पोराचें खोटें उघडें पाडायला मात्र शंभर डोळे टपलेले असतात. त्याच्या एका खोट्यावरून ‘खेड्यांतलीं पोरें अशींच’ असा शेरा पडतो आणि पुढल्या दहा जणांची वाट बंद होते. आपल्याजवळ वशिला नाहीं. आपल्याजवळ खरेपणा हेंच एक भांडवल आहे. तें दोन महिन्यांच्या फ्रेंचवर उधळूं नका. आणि समजा खोटें पचलें, नोकरी लागली. उद्यां द्राक्षबागाइतदाराचा माल परदेशच्या बंदरांत नाकारला जाईल, करार परभाषेंत असेल, आणि ‘भाषा चांगली’ लिहिणारा आमचाच वकील चुकीचा अर्थ सांगेल. तेव्हां बुडणारा कोण? साहेब नव्हे, कर्ज काढून बाग उभी करणारा शेतकरीच.

येथवर पोरांचे कान धरले. आतां त्यांना हा रकाना असा भरायला लावणाऱ्यांकडे वळतों. काम काय, तर दिवसभर सातबारे तपासणें, तलाठ्याकडे हेलपाटे घालणें, शेतकऱ्यांशीं बोलून कागद जमविणें. आणि जाहिरातींत अट काय, तर ‘इंग्रजी अस्खलित हवें’! मराठीचा शब्द नाहीं. मग मुलाखत होते उच्चारांची. ज्यानें ‘हक्कसोडपत्र’ या शब्दाचा अर्थ उभ्या जन्मांत ऐकला नाहीं, पण ज्याचे उच्चार इंग्रजी शाळेंत घडले, तो आंत. आणि ज्याला दोन्ही भाषांतला कायदा कळतो पण बोलतांना गांवची लकब येते, तो बाहेर. एके काळीं मंत्रोच्चार शुद्ध नाहीं म्हणून रयतेला विद्येच्या दारांतून परत पाठविलें जात होतें. आज मंत्र बदलला, सोवळें तेंच! इंग्रजीचें ज्ञान तपासा, जरूर तपासा. मसुदा लिहून घ्या, निकालपत्राचा सारांश काढून घ्या. पण नाकांतून बोलण्याला ज्ञान म्हणूं नका. आणि मराठीचें काम करून घ्यायचें असेल तर मराठीची परीक्षा घ्या, तिचे गुण धरा, भाषांतराची मेहनत वेगळी मोजा. आज कनिष्ठ वकिलाकडून रात्र-रात्र मराठी कागदांचें इंग्रजी करून घेतात आणि तें काम कोठें मोजींतही धरीत नाहींत. ही वेठबिगार आहे. आणि ती चालते, कारण आमचे पोरगे स्वतःच त्या विद्येला विद्या म्हणत नाहींत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गांवोगांव फलक लागले, पेढे वाटले. छान झालें. पण ज्या भाषेचे पेढे खाल्ले, तिचें नांव पोरगा नोकरीच्या अर्जांत लिहायला लाजत असेल, तर त्या पेढ्यांनीं कोणाचें पोट भरलें?

म्हणून, आईबापांनो, तुम्हांला इंग्रजी येत नसली तरी एक काम तुम्हीं करूं शकतां. मुलाचा किंवा मुलीचा अर्ज जाण्याआधीं त्याला समोर बसवा आणि भाषेचा रकाना मराठींत वाचून दाखवायला सांगा. ‘ही भाषा तूं कोठें शिकलास? कोणीं तपासली? तिच्यांत काय काम करूं शकतोस?’ हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देतांना नजर खालीं गेली तर ती ओळ खोडा. आणि मराठी कोठें लिहिली आहे तें बोटानें दाखवायला सांगा. वकील झालेल्या मुलांनो-मुलींनो, तुम्हीं तालुक्याच्या कोर्टांत बसून जुन्या कागदांचें भाषांतर करण्याचा सराव करा, एक मोडीचा वर्ग चालवा, आणि परभाषा शिकायची तर परीक्षेच्या पायरीपर्यंत शिका. तालुक्याच्या वकील संघांनीं नव्या वकिलांसाठीं मराठी-इंग्रजी मसुद्यांचे वर्ग काढावे. त्याला इमारत लागत नाहीं, आठवड्याची एक संध्याकाळ लागते. आमच्या शाळेची खोली रविवारीं रिकामी असते. ज्याला अर्ज तपासून हवा त्यानें यावें. पैसा पडणार नाहीं, पण खोटी ओळ असेल तर खोडली जाईल.

सुप्याच्या बाजारांत आपल्या पूर्वजांनीं कागद जाळले, कारण ते त्यांना वाचतां येत नव्हते. आज त्यांचीं पणतवंडें ते कागद वाचतात, त्यांवर भांडतात, आणि दोन भाषांत त्यांचा अर्थ सांगूं शकतात. ही कमाई अर्जाच्या पहिल्या ओळींत लिहा.

— एक शाळामास्तर, इंदापूर तालुका